बारावीनंतर थेट अधिकारी: सरकारी खर्चाने कॉलेज शिकवणारे सैन्यदलांचे मार्ग आणि घरच्यांनी करायची तयारी

आपल्या मोहल्ल्यात एखादं पोरगं 'मिलिटरीत जायचंय' म्हणालं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर भरतीचं मैदान येतं. पहाटेची रांग, धावण्याची चाचणी, छाती मोजणारा हवालदार. ती भरती शिपायाची. २०२२ पासून ती अग्निपथ योजनेतून होते, म्हणजे चार वर्षांची सेवा आणि नंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम. त्या नोकरीत कमीपणा काही नाही. पण अधिकारी होण्याचा दरवाजा वेगळा आहे, त्याची परीक्षा वेगळी आहे, आणि त्या वाटेवर कॉलेजची डिग्री सरकारच्या खर्चाने मिळते. अडचण एकच की हा दरवाजा वयाच्या साडेसोळा ते साडेएकोणीस या तीन वर्षांतच उघडा असतो. आपल्याकडे बऱ्याच घरांना त्याची खबर लागते तेव्हा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असतो.

म्हणून ही माहिती आम्ही आठवी ते बारावीच्या मुलामुलींच्या आई-वडिलांसाठी एकत्र करून देत आहोत.

एनडीए: खडकवासल्याची वाट

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. लष्कर, नौदल आणि हवाई दल, तिन्हींचे कॅडेट इथे तीन वर्षं एकत्र शिकतात. कोर्स सहा टर्मचा असतो आणि शेवटी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची डिग्री मिळते. लष्कराच्या कॅडेटला बी.ए., बी.एस्सी. किंवा कॉम्प्युटर सायन्स, नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटला बी.टेक.ची वाट. त्यानंतर लष्कराचे कॅडेट एका वर्षासाठी डेहराडूनला जातात, नौदलाचे केरळात एळीमलाला, हवाई दलाचे हैदराबादजवळ दुंडीगलला. ते पूर्ण झालं की खांद्यावर लेफ्टनंटचे (किंवा त्या दर्जाचे) स्टार लागतात.

खर्चाचं सांगायचं तर राहणं, जेवण, पुस्तकं, युनिफॉर्म आणि औषधपाणी सरकारकडे. घरच्यांवर पॉकेटमनी आणि किरकोळ खर्च येतो. पॉकेटमनी महिन्याला ३,००० रुपयांच्या पुढे जाऊ नये अशी अपेक्षा असते. ज्यांच्या घरचं उत्पन्न महिन्याला २१,००० रुपयांपेक्षा कमी आहे, त्यांना महिन्याला १,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि अर्ज स्वतःहून करावा लागतो. प्रवेशाच्या वेळी कपडे-सामान आणि आगाऊ पॉकेटमनी म्हणून काही हजारांची रक्कम भरावी लागते, तेवढी बाजूला ठेवावी. एनडीएच्या तीन वर्षांत पगार नसतो. शेवटच्या प्रशिक्षणाच्या वर्षात मात्र महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड सुरू होतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेफ्टनंटचा मूळ पगारही तेवढाच, वर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता.

परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. जाहिरात डिसेंबर आणि मेच्या सुमारास निघते. फी १०० रुपये, मुलींना माफ. बारावीला बसलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो, अकरावीचा नाही. लष्करासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, अगदी आर्ट्सचीही. नौदल आणि हवाई दलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हवेच. दर परीक्षेला सगळ्या मिळून सुमारे ४०० जागा. कितीदा बसायचं यावर बंधन नाही, वयात बसलं पाहिजे, एवढंच. जन्मतारीख सोयीची असेल तर चार-पाच संधी मिळतात.

पेपर दोन. गणिताचा ३०० गुणांचा, त्यात १२० प्रश्न. जनरल अ‍ॅबिलिटीचा ६०० गुणांचा, त्यातले २०० इंग्रजीचे आणि बाकी फिजिक्स, केमिस्ट्री, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. इथे आकडा बघून घाबरण्याचं कारण नाही. अलीकडच्या वर्षांत लेखीचा कट-ऑफ ९०० पैकी साधारण २९० ते ३६० च्या दरम्यान राहिलेला आहे. म्हणजे ज्याला एक तृतीयांशाच्या थोडं पुढे पक्कं येतं आणि जो अंदाजपंचे टिकमार्क करत नाही, तो लेखी पार करू शकतो. बोर्डात ९५ टक्के पाहिजेत हा आपल्याकडचा गैरसमज आहे. खरी गाळणी पुढे एसएसबीला लागते, तिचेही ९०० गुण.

आणखी एक गोष्ट. एनडीएत आरक्षण नाही, कुणालाच नाही. बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार वगैरे बिरादरीचा ओबीसी दाखला इथे उपयोगाचा नाही, आणि खुल्या वर्गातल्या शेख-सय्यद-पठाणांनाही त्यामुळे कमी जागा असा प्रकार नाही.

इंजिनिअर, डॉक्टर, नर्स

ज्याच्या मॅथ्स-सायन्सला जोर आहे त्याला लेखी परीक्षेशिवायही रस्ता आहे. लष्कराच्या १०+२ टेक्निकल एन्ट्रीला पीसीएममध्ये ६० टक्के आणि जेईई मेनला बसलेलं असणं लागतं. जेईईच्या गुणांवर कट-ऑफ लावून थेट एसएसबीला बोलावतात. चार वर्षांत इंजिनिअरिंगची डिग्री आणि लेफ्टनंटपद. ही एन्ट्री फक्त अविवाहित मुलांसाठी आहे. नौदलाची अशीच बी.टेक. एन्ट्री आहे, तिला पीसीएममध्ये ७० टक्के, इंग्रजीत ५० टक्के आणि जेईई मेनचा रँक लागतो. आपली कितीतरी मुलं जेईई देतात, रँक मागे आला की लाखोंची फी भरून खाजगी कॉलेजात जातात आणि हे दोन फॉर्म भरतच नाहीत.

पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, एएफएमसी, तर नीट देणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक हवं. एमबीबीएसच्या १४५ जागा, त्यात ११५ मुलांच्या आणि ३० मुलींच्या. नीटचे गुण चांगले लागतात, त्यानंतर कॉलेजची इंग्रजी-तर्काची परीक्षा, मुलाखत आणि मेडिकल. शिक्षण सरकारी खर्चाने होतं, पण सैन्याच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागतो, मोडला तर मोठी रक्कम भरावी लागते. मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग कोर्स आहे. देशात सहा कॉलेजं, २२० जागा, त्यातली दोन कॉलेजं आपल्याकडेच: पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी. प्रवेशाला नीट लागते. कोर्स संपल्यावर मुलगी नर्सिंग ऑफिसर म्हणून रुजू होते. 'नर्स' शब्द ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं की हे कमिशन्ड अधिकाऱ्याचं पद आहे.

दहावीला असतानाच करायचा फॉर्म

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली जागा म्हणजे छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, लोक तिला एसपीआय म्हणतात. राज्य सरकारने १९७७ मध्ये ती काढली. मुलगा तिथे राहून अकरावी-बारावी सायन्स करतो आणि सोबत एनडीएची पूर्ण तयारी होते: लेखी, एसएसबी, मैदान, इंग्रजी बोलणं. मोठा भार शासन उचलतं. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला २०२३ पासून सुरू झाली आहे.

दहावीचा निकाल लागल्यावर चौकशीला गेलात तर गाडी गेलेली असते. अर्ज दहावीचं वर्ष चालू असतानाच, बोर्डाच्या परीक्षेआधी निघतात, आणि प्रवेश परीक्षा बोर्डानंतर लगेच एप्रिलच्या सुमारास असते. पेपर इंग्रजीतून, अभ्यासक्रम आठवी ते दहावीचा. महाराष्ट्राचं डोमिसाईल लागतं. ते तहसीलमधून काढायला वेळ जातो, म्हणून नववीच्या सुट्टीतच काढून ठेवा. मराठवाड्यात आपली एवढी मोठी वस्ती असून, ज्या शहरात ही संस्था आहे त्याच शहरातल्या किती शाळांमध्ये तिचा फॉर्म भरून घेतला जातो, हा प्रश्न मुख्याध्यापकांना पालकांनी विचारायला हरकत नाही.

मूल त्याहून लहान असेल तर साताऱ्याचं सैनिक स्कूल आहे, १९६१ चं, देशातलं पहिलं. चंद्रपूरचं २०१९ मध्ये सुरू झालं. प्रवेश सहावीला (वय १० ते १२) आणि नववीला (वय १३ ते १५). मुलींनाही प्रवेश आहे. सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते आणि उर्दूतूनही, हे आमच्या उर्दू शाळांच्या शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. नववीची मात्र फक्त इंग्रजीतून. इथे ओबीसी आरक्षण चालतं. फी आहे, पण उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजला आठवीत प्रवेश मिळतो, त्याची परीक्षा आपल्याकडे राज्य परीक्षा परिषद वर्षातून दोनदा घेते. नावात 'सैनिकी' असलेल्या खाजगी निवासी शाळा राज्यात बऱ्याच आहेत. त्या वाईट असतात असं नाही, पण त्या सैनिक स्कूल नव्हेत. फी भरण्याआधी एवढं विचारून घ्या.

अकरावीत गणित सोडू नका

मुलींच्या बाबतीत आपल्या घरांत ठरलेलंच असतं: सायन्स घेतलं तर बायोलॉजी, गणित कशाला? या एका निर्णयाने एनडीएची नौदल-हवाई दलाची जागा हातातून जाते, लष्कराचा पेपरही अवघड होतो, कारण त्या ३०० गुणांत त्रिकोणमिती, कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, व्हेक्टर, संभाव्यता सगळं अकरावी-बारावीचं आहे. पीसीएमबी झेपत असेल तर तेच घ्यावं. नीटही राहते आणि एनडीएही.

उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण वेगळी. यूपीएससीचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. मराठीच्या मुलाला हिंदी पेपर लिपीमुळे सोपा वाटतो, पण त्यातले गणिताचे शब्द अनोळखी निघतात. उर्दूच्या मुलाला तर लिपीही बदलावी लागते. आमचा सल्ला असा की नववीपासूनच गणित-विज्ञानाचे शब्द इंग्रजीतून पाठ करावेत, एका वहीत तिन्ही भाषांतले शब्द शेजारी-शेजारी लिहून. रोज पाऊण तास इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावा. क्लासची फी परवडत नसेल तर एनसीईआरटीची सहावी ते बारावीची पुस्तकं आणि मागच्या दहा वर्षांचे पेपर यांवर बरंच काम होतं. जुने पेपर यूपीएससीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

कागदपत्रं: इथे आपली मुलं विनाकारण अडकतात

आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग हा मोठा प्रश्न आहे. शेखचं स्पेलिंग आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसतं 'मो.'. वडिलांच्या नावात एके ठिकाणी 'अब्दुल' आहे, दुसरीकडे नाही. आईचं नाव माहेरचं की सासरचं, तेही वेगवेगळं. एरवी चालून जातं, पण या भरतीत प्रत्येक कागद मूळ प्रतीसह तपासला जातो. दहावीचं प्रमाणपत्र हा पाया धरा, जन्मतारीखही तिथलीच मानतात, नंतर केलेलं प्रतिज्ञापत्र नाही. त्यामुळे दहावीचा बोर्डाचा फॉर्म शाळेत भरला जातो तेव्हा अब्बा-अम्मींपैकी कुणीतरी स्वतः जाऊन स्पेलिंग वाचून यावं. बाकी कागद, म्हणजे आधार, डोमिसाईल, बँक पासबुक, त्याच्याशी जुळवून घ्यावेत. नाव बदलायचंच असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्यावी.

शाळेत घालताना 'एक वर्ष इकडे-तिकडे' म्हणून लिहिलेली जन्मतारीख इथे अंगावर येते. वयाची मर्यादा दिवसाच्या हिशेबाने असते, एका दिवसाचीही सूट नाही.

एसएसबीचे पाच दिवस

लेखी पास झालेल्यांना भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज, म्हैसूर वगैरे ठिकाणी बोलावतात. पहिल्यांदा त्या प्रकारच्या एसएसबीला जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि एक अंधुक चित्र पाहून गोष्ट लिहिणं, मग त्यावर गटात चर्चा. बरेच जण तिथूनच परततात. उरलेल्यांच्या पुढच्या दिवसांत मानसशास्त्राच्या चाचण्या (६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं), मैदानावरची गटाची कामं आणि मुलाखत असते. शेवटच्या दिवशी सगळे अधिकारी मिळून निर्णय देतात.

इथे शोधतात ते असं मूल, जे चार अनोळखी पोरांत मिसळतं, बोलतं, ऐकतं, जबाबदारी घेतं आणि थापा मारत नाही. आपली मुलं फक्त आपल्याच गल्लीत, आपल्याच शाळेत, आपल्याच लोकांत वाढली तर इथे बुजतात. एनसीसी, शाळेची टीम, वक्तृत्व स्पर्धा, गणपती-ईदच्या वेळचं स्वयंसेवकाचं काम, दुकानावर गिऱ्हाईक सांभाळणं, यातला प्रत्येक अनुभव तिथे उपयोगी पडतो. मुलाखतीत वडिलांचा धंदा विचारतात. वडील रिक्षा चालवतात किंवा भंगारचं दुकान आहे, हे सरळ सांगावं. 'बिझनेस' म्हणून पांघरूण घालणाऱ्या मुलाचीच पंचाईत होते.

'शंभर टक्के सिलेक्शन' म्हणणारा क्लास आणि 'आतून करून देतो' म्हणणारा माणूस, दोघांनाही दारातून परत पाठवा. एसएसबीत पैसे चालत नाहीत, पण पैसे बुडतात जरूर.

घरात विचारले जाणारे प्रश्न

'आपल्या लोकांना घेतात का?' हा पहिला. घेतात. यूपीएससीच्या पेपरवर नाव बघून गुण देण्याची सोय नाही, आणि एसएसबीत तीन वेगवेगळे अधिकारी स्वतंत्रपणे गुण देतात. नावंच हवीत तर १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत शहीद झालेले ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, महावीर चक्र. कारगिलमध्ये शहीद झालेले कॅप्टन हनीफउद्दीन, वीर चक्र. हवाई दलप्रमुख इद्रिस हसन लतीफ, जे नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. लेफ्टनंट जनरल जमीरउद्दीन शाह तर एनडीएचेच, पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संख्या कमी आहे हे खरं. पण अर्जच कमी जात असतील तर निवड वाढणार कुठून?

'दीन सांभाळता येईल का?' याला गोड उत्तर देऊन उपयोग नाही. दाढीबद्दल नियम कडक आहे. हवाई दलात धार्मिक कारणाने दाढी ठेवण्याची परवानगी मागणाऱ्या मुस्लिम कर्मचाऱ्याचा दावा सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळला. नौदलात परवानगीने दाढी ठेवता येते. लष्करात धर्मगुरूंच्या पदांमध्ये मौलवींचीही पदं आहेत, आणि अनेक युनिट्समध्ये सर्वधर्म स्थळ असतं. प्रशिक्षणाच्या काळात दिवस पहाटेपासून घड्याळाला बांधलेला असतो, दर जुम्मा मिळेल असं वचन कुणी देऊ शकत नाही. मांसाबद्दल शंका असेल तर शाकाहारी जेवण घेता येतं. हे सगळं मुलासमोर बसून, मोकळेपणाने, अर्ज करण्याआधी बोलून घ्या. घरात हो-ना चाललेलं असताना एसएसबीला गेलेल्या मुलाची घालमेल तिथल्या मानसशास्त्रज्ञाला दिसते.

'मुलीला कसं पाठवायचं?' सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली. पहिल्या तुकडीतल्या १७ मुली मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडल्या. त्यांची राहण्याची सोय वेगळी असते. कर्नल सोफिया कुरेशींना त्याच महिन्यात सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, पण पुण्याला त्या आधीच माहीत होत्या. २०१६ मध्ये इथे झालेल्या बहुराष्ट्रीय युद्धसरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. त्या एनडीएतून नव्हे, पदवीनंतर चेन्नईच्या अकादमीतून आल्या. म्हणजे बारावीला जमलं नाही तरी पदवीनंतर सीडीएस परीक्षा आहे, आणि कॉलेजात एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट मिळवलं तर लेखीशिवाय थेट एसएसबीचा मार्ग आहे. अट एवढीच की लग्नाची घाई करू नये. या सगळ्या बारावीनंतरच्या एन्ट्रींना अविवाहित असणं लागतं आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही.

'मध्येच सोडलं तर?' प्रवेशाच्या वेळी पालक बाँड लिहून देतात. मुलाने स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण सोडलं तर झालेला खर्च वसूल होऊ शकतो. म्हणून हट्टाने, मामूच्या सांगण्यावरून, शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून कुणाला ढकलू नका. जाणाऱ्याला स्वतःला जायचं असलं पाहिजे.

मेडिकलची तपासणी आधी घरीच

एसएसबी पास होऊन मेडिकलमध्ये बाद होणाऱ्यांची संख्या लहान नसते. त्यातलं बरंच आधी कळण्यासारखं आणि सुधारण्यासारखं असतं. लष्करासाठी मुलांची उंची किमान १५७ सेंटिमीटर, मुलींची १५२, वैमानिकासाठी जास्त. चष्म्याचा नंबर, रंग ओळखणं, कानातला मळ आणि पडदा, नाकाचं वाकलेलं हाड, सपाट तळवे, चालताना घासणारे गुडघे, किडलेले दात, जास्त वजन, हे नववी-दहावीतच सरकारी दवाखान्यात किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. गुटखा आणि सिगारेट आजच बंद. टॅटूची परवानगी फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागे अशी मर्यादित आहे, तेव्हा उरुसात-जत्रेत हौसेने गोंदवून घेणाऱ्या पोरांना आत्ताच सांगा. बाद ठरवलं तरी अपील मेडिकल बोर्ड मागता येतं, मुदत थोडी असते, आणि तो अर्ज तिथेच भरून द्यायचा असतो. मुलाला सांगून पाठवा की सही करण्याआधी कागदावर काय कारण लिहिलंय ते वाचायचं आणि अपीलची तारीख लिहून घ्यायची.